दोष फ्रीझरचाच

१२ जानेवारी

खटपट्या,

तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना आशीर्वाद. गुडघ्यांना थोडे जास्त, कारण ते धड असते तर आज तू इथं माझ्या मागच्या खोलीत जमिनीवर पालथा पडून फ्रीझर खोलत बसला असतास आणि मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. फोन करू नकोस. माझे कान आता नावापुरते उरलेत, आणि तू फोनवर ओरडायला लागलास की मला वाटतं भांडतोयस.

आमचा उभा फ्रीझर नीट गार राहत नाही. पूर्ण बंद पडत नाही, हीच तर पीडा आहे. बंद पडला असता तर सुटले असते. कधी दगड, कधी लापशी. वाटाण्याची पिशवी हातात घेतली तर पाण्याची पिशवी लागते, दुसऱ्या दिवशी त्याच वाटाण्यांची वीट झालेली. मागच्या महिन्यात असेच एकदा विरघळून पुन्हा गोठलेले मासे मी खाल्ले आणि तीन दिवस अंथरुणाला खिळले. तुझा भाचा धावत आला. डॉक्टर, औषध, सगळं त्यानंच केलं. पण जाताना म्हणाला, "आई, फ्रीझर बिघडलेला नाही. बाबा बिघडलेत. ते दार उघडं टाकतात."

त्यानं म्हणे यांना उघड्या फ्रीझरसमोर नुसतं उभं असलेलं पाहिलं. तारीख विचारली तर यांनी भलतीच सांगितली. त्याआधी एकदा गॅस चालू राहिला होता, तोही यांच्याच खात्यात जमा झाला. आता मुलाचं म्हणणं असं, की बाबांना अशा माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेत ठेवायचं आणि मी त्याच्याकडे राहायचं. त्याच्या घरात एका माणसाचीच जागा आहे हे खरं. तो दुष्ट नाही रे. बोलताना त्याचेच डोळे भरले होते. पण मी यांच्याशिवाय एका छपराखाली राहिलेलीच नाही आणि आता मला ते शिकायचं नाही.

तूच सांग, ज्या माणसानं सगळी नोकरी शीतगृहात केली, थंड खोल्यांची दारं लागली की नाहीत हे बघण्याचाच पगार घेतला, तो दार उघडं टाकेल? शेवटी मी मुलाला म्हटलं, तुझ्या मामानं जन्मभर लोकांचे फ्रीज दुरुस्त केलेत, त्याला विचारू. त्यानं यंत्रात दोष आहे म्हटलं तर तू हा विषय काढायचा नाहीस. तो कबूल झाला.

तेव्हा नीट डोकं लाव. काहीही कर, पण दोष फ्रीझरचाच निघाला पाहिजे.

तुझी ताई


१९ जानेवारी

ताई,

गुडघ्यांनी आशीर्वाद परत पाठवलेत. म्हणाले, आमच्याच्यानं काही होत नाही, दुसऱ्या कुणाला द्या.

फ्रीझरला आधी आरोपी ठरवून मग तपास करायचा ही पद्धत पोलिसांची, मिस्त्रीची नव्हे. पण भाऊजींवर आळ आहे म्हणतेस, तर मी फ्रीझरच्या अंगावर जरा धावूनच जातो.

पहिलं म्हणजे दाराचं रबर. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लाव आणि पट्टी ओढून बघ. सहज निघून आली तर तिथून गार हवा पळतेय. चारही बाजूंना असं कर. दुसरं, फ्रीझर भिंतीपासून वीतभर पुढं घे, मागच्या जाळीवर धुळीची गोधडी साचली असेल, ती ब्रशनं काढ. ओढण्याचं काम तू करू नकोस, शेजारच्या कुणाला बोलव. तिसरं, आतलं बटण कुठल्या आकड्यावर आहे ते बघ. आणि आत सामान कोंबलं असशील तर थोडं काढ. मागची झडप झाकली गेली तर बिचारा गारवा बाहेर येणार कुठून? तुझी कपाटं मला माहीत आहेत.

शेवटचं. आत बर्फाचा भुगा जमतो का, आणि नक्की कुठं जमतो? मागच्या भिंतीवर की दाराजवळ? हे नीट बघून लिही, यावर बरंच अवलंबून आहे.

भाऊजींना नमस्कार. विसरण्याचं म्हणशील तर मी काल चष्मा डोळ्यांवर ठेवून सगळं घर पालथं घातलं. मला कुठल्या संस्थेत टाकतेस?

खटपट्या


२८ जानेवारी

खटपट्या,

तू सांगितलंस ते सगळं केलं. कागद चारही बाजूंना असा घट्ट बसला की ओढताना फाटला. धूळ मात्र होती, तुझी गोधडी म्हणजे फारच कमी बोललास. समोरचा शिंपी आणि त्याचा भाऊ येऊन फ्रीझर पुढं ओढून गेले. मी ब्रश चालवला, यांनी बॅटरी धरली. बटण मधल्या आकड्यावर होतं, ते शेवटपर्यंत फिरवलं. सामानही निम्मं काढलं. दोन दिवस छान दगड झाला. मला इतका आनंद झाला की मी यांना म्हटलं, बघा, सुटलात. तिसऱ्या दिवशी पुन्हा लापशी.

भुगा दाराजवळ जमतो. वरच्या दोन कप्प्यांच्या कडेला पांढरं शुभ्र लोकरीसारखं. मागची भिंत साफ आहे. यावर अवलंबून आहे म्हणालास, ते चांगल्या अर्थानं ना?

यांच्याबद्दल लिहायचं नव्हतं, पण तुझ्यापासून काय लपवू. आताशा हे घरभर माझ्या मागं मागं हिंडतात. मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले की हे आत जातात. गॅसची कळ बघतात, नळ बघतात, मागच्या खोलीत जाऊन फ्रीझरच्या दारावर तळहात दाबतात. पुन्हा कामावर असल्यासारखे. मी विचारलं, काय करताय, तर म्हणाले, "फेरी." मी हसले. मग मोरीत जाऊन पाणी सोडून रडले. आणि साखरेच्या डब्यात परवा मीठ निघालं. मुकाट्यानं चहा ओतून टाकला.

मुलगा रविवारी येतो आणि पहिल्यांदा फ्रीझर उघडतो. आई-बाप मागाहून. लवकर लिही.

ताई


५ फेब्रुवारी

ताई,

दाराजवळ भुगा याचा अर्थ बाहेरची दमट हवा आत शिरतेय. रबर घट्ट आहे म्हणतेस. मग एक शक्यता अशी की आतला पंखा अडखळत असेल. तू दार उघडून भाऊजींना कान लावायला सांग. दाराच्या कडेचं लहान बटण बोटानं दाबून धरलं की पंखा फिरायला हवा. घरघर एकसारखी आहे की मध्येच थांबते, एवढंच ऐकायचं.

दुसरी शक्यता लिहायला हात धजत नाही, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दार खरंच उघडं राहत असेल. तसं असेल तर कळायला एक सोपी युक्ती आहे. लहान वाटीत बोटभर पाणी घालून ते गोठव आणि त्या बर्फावर एक नाणं ठेव. वाटी वरच्या कप्प्यात राहू दे. नाणं वरच राहिलं तर फ्रीझर सतत गार होता. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय.

नाणं खाली गेलं म्हणून भाऊजीच गुन्हेगार ठरत नाहीत. आधी बघू तर काय होतंय.

खटपट्या


१६ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझा पंखा ठणठणीत आहे. हे म्हणाले, घरघर एकसारखी, शीतगृहातल्या मोठ्या पंख्यांपेक्षाही बरी. मला वाईट वाटलं. पंख्यानं तरी दगा द्यायला हवा होता.

एक सांगते, रागावू नकोस. इतका मोठा मिस्त्री तू, आणि साधी कागदाची युक्ती तुला सुचली नाही? शेजारीण म्हणाली, दारात कागद धरून ओढून बघा, रबर ढिलं असेल तर लगेच कळतं. मी करून पाहिलं. चारही बाजूंना घट्ट. नाहीतर तिथंच निकाल लागला असता. असो, रबरावर संशय नको, तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आता नाण्याचं. गुरुवारी सकाळी पाहिलं तेव्हा नाणं वर होतं. त्या दिवशी हे लवकरच दातांच्या डॉक्टरकडे गेले, तिथं रांग, मग दात काढला, अंधार पडताना घरी आले. मी दिवसभर घरातच होते. शुक्रवारी सकाळी वाटी पाहिली तर नाणं तळाशी, वरून बर्फ. जाण्याआधी हे दार उघडं टाकून गेले असणार, आणि आल्यावर लावलं असणार. मी म्हटलं, तुम्ही फ्रीझर उघडा ठेवला होता का? बिचारे गाल धरून उभे होते. मान हलवली. हो म्हणाले.

मला पायाखालची जमीन सरकल्यासारखं झालं रे. मुलगा खरं बोलत होता.

वाटी मी फोडून टाकली. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. आता तुझ्याकडे मागणं आहे. तू मला लिही की यंत्र गेलंय. त्याला खरं वाटेल असं काहीतरी लिही, यंत्राच्या पोटातलं, जे त्याला बघता येणार नाही. मी ते पत्र त्याच्यापुढं ठेवीन. मग मी फ्रीझर विकून टाकीन, रोज ताजं आणीन, यांच्यावर लक्ष ठेवीन. कुणाचं काय बिघडतं? लहानपणी तुझ्यासाठी मी किती खोटं बोलले, त्याचा हिशोब काढत नाही. तू एकदा बोल.

ताई


२० फेब्रुवारी

प्रिय मेहुणे यांस,

माझं पत्र बघून आश्चर्य वाटेल. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पत्राच्या शेवटी नमस्कारापलीकडे काही लिहिलेलं नाही, ते खातं तुमच्या बहिणीकडे होतं. हे तिला न कळता लिहितोय. उत्तर घरी पाठवू नका, खालच्या न्हाव्याच्या पत्त्यावर पाठवा. तो विश्वासू आहे, फक्त केस वाईट कापतो.

तुम्ही फ्रीझरचा तपास चालवला आहे. तो थांबवावा, कारण यंत्रात दोष नाही हे मला माहीत आहे आणि एव्हाना तुम्हालाही कळलं असेल. दार उघडं राहतं. ते मी टाकत नाही. तुमची बहीण टाकते.

ती काहीतरी काढायला जाते, दार उघडते, आणि कशाला आलो होतो ते विसरते. क्षणभर उभी राहते. मग दुसऱ्याच कामाला निघून जाते. गॅसचंही तसंच झालं होतं. मीठ तिनंच साखरेच्या डब्यात ओतलं, माझ्यासमोर, गाणं गुणगुणत. मी थांबवलं नाही, कारण मागच्या वेळी थांबवलं तेव्हा ती इतकी घाबरली की तास दीड तास माझा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी तिला ते घाबरणंही आठवत नव्हतं. तेव्हापासून मी तिच्या मागं फिरतो आणि जे राहिलं ते बंद करतो. मुलानं मला उघड्या फ्रीझरपुढं पाहिलं तेव्हा मी दार लावायला आलो होतो. त्यानं विचारलं, बाबा काय करताय? मी म्हटलं, आठवत नाही. तिथून हे सुरू झालं. तारीख मी मुद्दाम चुकवली. नातवाचं नावही एकदा चुकवलं. ते अवघड गेलं.

गुरुवारी दातानं घात केला. मी दिवसभर बाहेर, दार दिवसभर उघडं. आल्यावर लावलं, फरशीवरचं पाणी पुसलं. तिनं विचारलं तेव्हा हो म्हटलं.

माझा विचार पक्का आहे. संस्थेत कुणी जायचंच असेल तर मी जाईन. मला कुठंही टाका, माझं आयुष्य थंड खोल्यांत गेलंय. तिला तिथं ठेवलं तर ती आठवड्यात विझेल. मुलाकडे ती राहिली तर सून घरीच शिवणकाम करते, मागोमाग कुणीतरी दार लावेल. आणि आपल्याला काय होतंय हे तिला जितकं उशिरा कळेल तितकं बरं. तेव्हा तुम्ही भाच्याला एवढंच लिहा: यंत्र ठीक आहे, दार उघडं राहतं. पुढचं तो समजेल तसं समजेल.

तुमच्याकडे मी कधी काही मागितलेलं नाही, हे मुद्दाम आठवण करून देतो.

आपला,
भाऊजी


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

न्हाव्याच्या पत्त्यावर हे पत्र पाठवतोय, तो वस्तरा तरी नीट धरत असेल अशी आशा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला राग आला. वाटलं, ताई बरोबर बोलतेय, तुमचं डोकं फिरलंय आणि तुम्ही तिच्यावर ढकलताय. मग तिची पत्रं काढून शेजारी शेजारी ठेवली. कागदाची परीक्षा तिनं माझ्या सांगण्यावरून जानेवारीत केली आणि मला कळवली. फेब्रुवारीत तीच पुन्हा केली, शेजारणीनं सांगितली म्हणून, आणि मला सुचली नाही म्हणून वर माझी कानउघाडणी केली. तेव्हा मी ते वाचून हसलो होतो. आणि गुरुवारी ती दिवसभर घरात होती हे तिनंच लिहिलंय. दिवसभर घरात असलेल्या माणसाला उघडा फ्रीझर कसा दिसला नाही, हे मी तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला विचारायचं नव्हतं.

दोघांनी माझ्याकडे उलटसुलट मागितलंय. तिनं म्हटलंय यंत्र गेलंय असं लिही. तुम्ही म्हणताय तुमच्यावर येईल असं लिहा. तुमचं मी ऐकणार नाही. ज्या घरात दारं लावणारा तुम्ही एकटाच, तिथून तुम्हालाच काढायचं? मी तिला आजच लिहितोय की फ्रीझरच्या नळ्यांतला गॅस गळतोय, यंत्र थकलंय, दुरुस्ती परवडणार नाही. विकून टाका. त्यानं थोडे महिने मिळतील. पुढं काय, मला माहीत नाही. मिस्त्रीकीत एक बरं असतं, जे दुरुस्त होत नाही ते भंगारात जातं आणि आपण जेवायला घरी जातो. इथं मला काही सुचत नाही.

तिच्या मागं फिरताना जिन्यावर जपा.

खटपट्या


९ एप्रिल

खटपट्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण तुझ्यावर रागावले होते. अजून आहे, पण लिहायला दुसरं कोण आहे मला.

तुझं पत्र मी मुलापुढं ठेवलं. गॅस गळतो, यंत्र थकलंय, सगळं त्यानं वाचलं. म्हणाला, ठीक आहे, पण विकण्याआधी इथल्या एका मिस्त्रीला दाखवून घेऊ, कदाचित दुरुस्त होईल. मला नाही म्हणता येईना. मिस्त्री आला, नळ्या लावल्या, काटे बघितले, म्हणाला, यंत्र टुणटुणीत आहे, गॅस पूर्ण आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला? मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघत राहिले. तेवढ्यात हे पुढं आले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मीच उघडा टाकतो. मला कळत नाही. मला घेऊन चल." मुलगा यांच्या गळ्यात पडून लहानपणी रडायचा तसा रडला. हे त्याच्या पाठीवर थोपटत होते.

मग फार वेळ लागला नाही. यांची एक बॅग, माझ्या दोन. घर भाड्यानं दिलंय. मी मुलाकडे असते. सून चांगली आहे, पण सारखी माझ्या मागं मागं असते. मी स्वयंपाकघरातून निघाले की ही आत. मला वाटतं, माझं काम तिला पसंत नसावं. सुनांचं असंच असतं.

फ्रीझर आम्ही टेम्पोतून इकडेच आणला. आणि खटपट्या, तो इतका गार राहतो म्हणून सांगू! वाटाणे सुरीनं फोडावे लागतात. यंत्र तेच, माल तोच, फक्त हे नाहीत. आता माझ्या मनात शंका उरली नाही. मी उगाच सगळ्यांशी भांडले, तुला खोटं लिहायला लावलं आणि तूही लिहिलंस. तुला यंत्रातलं कळतं, तू तरी मला स्पष्ट सांगायचंस.

रविवारी यांना भेटून आले. खोलीत चार खाटा, यांची खिडकीजवळची. तिथली बाई म्हणाली, हे फार शहाण्यासारखे राहतात, बाकीच्यांना पेपर वाचून दाखवतात, औषधांच्या वेळा सगळ्यांच्या यांना पाठ. म्हणजे तिथं गेल्यावर सुधारले म्हणायचे. मला बरं वाटलं आणि कसंतरीही वाटलं. यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? "फ्रीझर कसा आहे?" मी म्हटलं, "दगड. उघडं टाकायला तुम्ही नाही ना आता." मग मला राहवलं नाही. मासे, माझं आजारपण, घर गेलं ते, सगळं बोलून घेतलं. बाकीच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. हे मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "चुकलं माझं." आणि हसले रे. मी एवढी बोलले आणि हे समाधानानं हसले.

परतताना बसमध्ये मला रडू आवरेना. सगळा जन्म एका घरात काढला, खटपट्या, आणि मला माझा माणूस ओळखता आला नाही.

ताई